क्योसेम वालिदे आणि तिचे किताब

इस्तंबूल शहरांत सुलतान अहमदाची जी मोठी मशीद आहे, तिच्या शेजारींच त्या सुलतानाचा मकबरा आहे. देशोदेशींचे प्रवासी मशिदीचे सहा मनोरे मोजतात, आंतील निळ्या नक्षीच्या लाद्यांची वाखाणणी करतात, आणि बहुधा मकबऱ्याकडे न वळतांच परत फिरतात. त्या मकबऱ्यांत अहमद सुलतान एकटा नाहीं. त्याचे मुलगे तेथें आहेत, आणि त्यांच्यांत भावानें भावाचा जीव घेतल्याचीं उदाहरणें आहेत. ह्या सर्वांच्या सोबतीला एक स्त्री तेथें पुरलेली आहे. १६५१ सालच्या सप्टेंबरांत तिला तेथें आणलें, तेव्हां तिनें साठी ओलांडली होती आणि तिचा मृत्यु गळा आवळून झालेला होता. तुर्की बखरकार तिचा उल्लेख निरनिराळ्या नांवांनीं करतात : माहपैकर, क्योसेम, हसेकी, वालिदे, थोरली वालिदे, आणि शेवटीं ‘वालिदे-इ-मक्तूले’, म्हणजे वध पावलेली राजमाता. ह्यांपैकीं एकहि नांव तिच्या आईबापांनीं ठेवलेलें नव्हतें.

ती जन्मानें ग्रीक होती, असें बहुतेक इतिहासकार मानतात. एजियन समुद्रांतील तिनोस बेटावरच्या एका धर्मोपदेशकाची ती मुलगी, आणि तिचें बाळपणींचें नांव अनास्तासिया, अशी परंपरागत माहिती आहे. लहान वयांतच ती गुलाम म्हणून इस्तंबूलच्या राजवाड्यांत आली. उस्मानी जनानखान्यांत पाऊल टाकणाऱ्या मुलीचें जुनें नांव उंबरठ्याबाहेर राही आणि तिला एखादें गोड फारसी नांव मिळे. हिला मिळालें माहपैकर, म्हणजे चंद्रासारखें रूप असलेली. पुढें क्योसेम हें नांव पडलें, आणि इतिहासांत तेंच टिकलें. त्याचा अर्थ कोणी ‘नितळ कांतीची’ असा करतात. दुसरा अर्थ निराळाच आहे. कळपाच्या पुढें जो मेंढा चालतो आणि ज्याच्या मागून बाकीचीं मेंढरें जातात, त्याला तुर्की भाषेंत ह्याच धर्तीचा शब्द आहे. तिचें चरित्र वाचणाराला हा दुसराच अर्थ अधिक पटावा, यांत नवल नाहीं.

तिच्या किताबांचा विचार करावयाचा तर आधीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडे राजाशीं लग्न लागलें कीं मुलगी राणी होते, आणि राजा निवर्तला तरी तिचें राणीपण जात नाहीं. उस्मानी घराण्याची रीति अशी नव्हती. पंधराव्या शतकानंतर तेथील सुलतान बहुधा लग्नच करीत नसत. राजपुत्रांच्या माता ह्या दासी असत. त्यांना माहेर नसे, भाऊबंद नसत, आणि त्यामुळें गादीवर हक्क सांगणारे व्याहीहि नसत. आणि घराण्याला नेमकें तेंच हवें होतें. त्यामुळें स्त्रीचा किताब म्हणजे कुळाचा मान नव्हे, तर ती एक प्रकारची नेमणूक होती. तिला रोजची तैनात बांधलेली असे, राहण्याचीं दालनें ठरलेलीं असत, आणि गादीवरचा माणूस बदलला कीं ती नेमणूकहि बदलत असे.

ह्या नेमणुकांपैकीं ‘हसेकी’ ही पदवी सुलतान सुलेमानाच्या वेळीं पुढें आली. त्याच्या आवडत्या हुर्रेमला ती मिळाली, आणि तिच्याशीं तर त्यानें सगळी वहिवाट मोडून लग्नहि केलें. तिची तैनात रोज २,००० आक्चे होती. आक्चे म्हणजे चांदीचें एक लहान नाणें. हसेकी हा शब्द मराठी कानांना वाटतो तितका परका नाहीं. अरबी ‘खास’ शब्दावरून फारसींत जें रूप झालें, त्याचाच हा तुर्की उच्चार. आणि आपला ‘खासगी’ हा शब्द त्याच मुळापासून निघालेला आहे. होळकरांच्या दौलतींत राणीच्या स्वतःच्या हुकमतीखालील उत्पन्नाला ‘खासगी’ म्हणत, आणि अहिल्याबाईंनीं बांधलेलीं देवळें व घाट ह्या खासगींतूनच उभे राहिले. एकाच शब्दानें इकडे राणीच्या मालकीची दौलत दाखविली जाई, आणि तिकडे सुलतानाच्या मालकीची स्त्री.

अहमद १६०३ च्या डिसेंबरांत गादीवर आला, तेव्हां तो अवघ्या तेरा वर्षांचा होता. त्याच्या बापानें १५९५ सालीं गादीवर येतांच आपले एकोणीस भाऊ एकदम मारविले होते. राज्यांत दुही नको म्हणून नव्या सुलतानानें भावांना मारावें, हा तेथील कायदाच होता. अहमदानें मात्र आपला धाकटा भाऊ मुस्तफा याला जिवंत ठेवलें. ह्या गोष्टींत क्योसेमचें अंग होतें, असें व्हेनिसचा वकील सिमोन कोंतारिनी यानें १६१२ सालीं आपल्या सरकारला कळविलें आहे. तिच्या दयाळूपणाला येथें स्वार्थाचीहि जोड असावी. अहमदाचा थोरला मुलगा उस्मान हा दुसऱ्या स्त्रीचा; क्योसेमचे मुलगे त्याच्या पाठचे. भावांना मारण्याची वहिवाट चालू राहिली, तर उस्मान गादीवर येतांच तिचीं सर्व मुलें मारलीं जाणार, हें तिला स्पष्ट दिसत होतें. मुस्तफाचा जीव वांचविणें म्हणजे वहिवाटींत खंड पाडणें होतें.

१६१६ सालीं दुसरा एक व्हेनिसचा वकील, क्रिस्तोफोरो वालिएर, हिच्याविषयीं लिहितो कीं राजाचें मन सर्वस्वीं हिच्या मुठींत आहे आणि ती त्याच्याकडून हवें तें करून घेऊं शकते. परंतु ही सत्ता एका माणसाच्या श्वासावर अवलंबून होती. २२ नोव्हेंबर १६१७ रोजीं अहमद ज्वरानें वारला. तेव्हां त्याला अट्ठावीसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. मुलाऐवजीं भाऊ, म्हणजे मुस्तफा, गादीवर आला. उस्मानी इतिहासांत बापामागून मुलगा ही परंपरा प्रथमच मोडली. हसेकीचें काम संपलें. तिला तोपकापीच्या राजवाड्यांतून उचलून शहराच्या मध्यावर असलेल्या जुन्या वाड्यांत पाठविण्यांत आलें. मेलेल्या सुलतानाच्या स्त्रिया तेथें ठेवीत. त्या जागीं आज इस्तंबूलचें विद्यापीठ उभें आहे.

जुन्या वाड्यांत तिला रोज १,००० आक्चे तैनात होती. तिचीं मुलें मात्र तोपकापींत अडकून पडलेलीं होतीं. तेथील बातम्या भिंतीपलीकडून येत. तीन महिन्यांत मुस्तफा पदच्युत झाला. १६१८ सालीं उस्मान गादीवर आला. १६२१ च्या जानेवारींत पोलंडवरील स्वारीस निघण्यापूर्वीं उस्मानानें तिचा थोरला मुलगा महंमद याला ठार मारविलें. १६२२ च्या मे महिन्यांत जानिसारी नांवाच्या पगारी पायदळानें बंड केलें आणि खुद्द उस्मानाचाच जीव घेतला. मनानें दुबळा मुस्तफा दुसऱ्यांदां सुलतान झाला. अखेर १० सप्टेंबर १६२३ रोजीं त्याला पुन्हां उतरवून क्योसेमचा मुलगा मुराद याला गादीवर बसविलें. त्याचें वय अकरा वर्षांचें होतें.

जुन्या वाड्यांतून नव्या राजवाड्याकडे नव्या सुलतानाची आई मिरवत नेण्याचा तेथें मोठा समारंभ असे. सहा वर्षांपूर्वीं ज्या वाटेनें ती गेली, त्याच वाटेनें ती परत आली. पण आतां ती हसेकी नव्हती, वालिदे सुलतान होती. वालिदे म्हणजे आई. उस्मानी जनानखान्यांत ह्याहून मोठें पद नव्हतें. सुलतानाला स्त्रिया कितीहि असोत, आई एकच असणार, आणि म्हणून हें पदहि एकच असे. तैनात रोज ३,००० आक्चे; पण पैशाहून मोठी गोष्ट अशी कीं मुलगा अल्पवयी असल्यामुळें राज्यकारभारहि तिच्या हातीं आला. ‘नाइबे-इ-सल्तनत’, म्हणजे राज्याची प्रतिनिधि, असा हा तिचा तिसरा किताब. तीन खंडांत पसरलेल्या साम्राज्याच्या हुकमांवर एका दासीची इच्छा चालूं लागली.

तो काळ चांगला नव्हता. खजिना रिता होता, १६२४ च्या आरंभीं बगदाद इराणच्या शहा अब्बासाच्या हातीं गेलें, आणि आनातोलियांत बंडें माजलीं. तिनें वजिराला लिहिलेलीं कांहीं पत्रें शिल्लक आहेत. तीं दरबारी थाटाचीं नाहींत. येमेनच्या सैन्याच्या पगाराचें काय झालें, अमुक पैसा कोठून आणावयाचा, अशी विचारपूस त्यांत आहे. ‘तुम्ही मला डोकेदुखी देतां, आणि मीहि तुम्हांला देतें’ अशा मतलबाचा, थकलेल्या गृहिणीसारखा सूरहि एका पत्रांत आहे. दुसऱ्या एका पत्रांत मुलाची काळजी आहे : तो सकाळीं बाहेर पडतो तो रात्रीं येतो, थंडीची पर्वा करीत नाहीं, आणि आईच्या दृष्टीस पडत नाहीं. राज्य चालविणारी बाई मुलाच्या सर्दीपडशाची चिंता वजिराला लिहिते हें पाहून एखाद्याला हंसूं येईल; पण ती जें राज्य चालवीत होती तें त्या एका मुलाच्या प्रकृतीवरच टेकलेलें होतें.

सत्ता टिकविण्याचें तिचें दुसरें साधन म्हणजे तिच्या मुली. राजकन्येशीं लग्न झालेला वजीर हा जांवई म्हणून बांधला जाई. आयेशा नांवाची तिची मुलगी सात-आठ वर्षांची असतांनाच नसूह पाशाला दिली. १६१४ सालीं त्या नवऱ्याला तिच्याच बापानें ठार मारविलें. पुढें ती हाफिज अहमद पाशाला दिली. १६३२ सालीं बंडखोर घोडेस्वारांनीं राजवाड्याच्या चौकांत, सुलतानाच्या डोळ्यांदेखत, त्याचे तुकडे केले. ह्या मुलीचे संसार असेच मोडत आणि पुन्हां जुळविले जात गेले. आपल्या इतिहासकारांना क्योसेमच्या मुत्सद्देगिरीचें कौतुक वाटेल. आयेशाला तें किती वाटलें असेल, हा प्रश्नच आहे.

हाफिज पाशाच्या वधानें मुराद एकदम मोठा झाला. त्याच वर्षीं त्यानें कारभार आपल्या हातीं घेतला, आणि आईला राज्याच्या कामांतून दूर केलें. तंबाखू व कॉफी यांवर बंदी घालणारा, आणि १६३८ च्या डिसेंबरांत बगदाद परत जिंकणारा, तो हाच चौथा मुराद. भावांना मारण्याची जी वहिवाट मोडण्यासाठीं त्याच्या आईनें एके काळीं धडपड केली होती, ती त्यानें पुन्हां चालू केली. १६३५ सालीं दोन भाऊ मारले गेले. बगदादच्या मोहिमेच्या सालीं कासीम मारला गेला, आणि कासीम हा क्योसेमच्याच पोटचा. उरला एक इब्राहीम. तो वेडगळ आहे, त्याच्यापासून भय नाहीं, असें सांगून तिनें त्याला वांचविलें अशी आख्यायिका आहे. एका मुलाच्या राज्यांत राजमातेच्या पदावर बसून दुसऱ्या मुलाच्या प्राणासाठीं पहिल्याची मनधरणी करणें, हें त्या किताबाच्या आंतलें खरें स्वरूप होतें.

८ फेब्रुवारी १६४० रोजीं मुराद वारला. त्याला मुलगा राहिला नव्हता. इब्राहीम हा घराण्यांतील एकमेव पुरुष शिल्लक होता. ‘कफेस’ म्हणजे पिंजरा असें नांव पडलेल्या बंद दालनांत त्याचीं वर्षें गेलीं होतीं. गादी मिळाल्याची बातमी घेऊन मंडळी दाराशीं आली, तेव्हां मारेकरीच आले असें समजून त्यानें दार उघडण्याचें नाकारलें. भावाचें प्रेत दारापुढें आणून दाखविलें आणि आईनें खात्री दिली, तेव्हां तो बाहेर आला, असें बखरकार सांगतात. क्योसेम दुसऱ्यांदां वालिदे झाली. दोन सुलतानांची आई म्हणून वालिदेचें पद दोनदां भूषविणारी ही पहिलीच स्त्री.

आतां घराण्याला वारस हवा होता, आणि तो मिळवून देण्याचें काम आईनें स्वतःवर घेतलें. तिनें निवडून मुली पाठविल्या. त्यांपैकीं रुथेनिया प्रांतांतून धरून आणलेली तुर्हान नांवाची मुलगी २ जानेवारी १६४२ रोजीं महंमद ह्या राजपुत्राची आई झाली. त्याच वर्षीं दुसऱ्या एका स्त्रीच्या पोटीं सुलेमान जन्मला. घराणें वांचलें.

परंतु पिंजऱ्यांत वाढलेला इब्राहीम मोकळा होतांच सुटला तो सुटलाच. त्याच्या कारकीर्दींत हसेकी ह्या पदवीची जी दशा झाली, ती पाहण्यासारखी आहे. हुर्रेमच्या वेळीं जी एकीचीच होती, ती आतां आठ जणींना एकाच वेळीं मिळाली. नाण्यांत तांबें मिसळलें म्हणजे नाण्यावरचा छाप तोच राहतो पण बाजारांत त्याची किंमत उतरते, तसें त्या किताबाचें झालें. आपल्या सख्ख्या बहिणींना व भाचीला त्यानें हुमाशाह नांवाच्या हसेकीच्या सेवेला लाविलें. साबण, तस्त आणि पाण्याची झारी घेऊन राजकन्यांनीं दासीपुढें उभें राहावें, असा हुकूम झाला. आई रागें भरली, तेव्हां तिचीच शहराबाहेरच्या एका बागेंत रवानगी झाली. वालिदेचें पद सर्वांत मोठें खरें. पण तें देणारा मुलगा फिरला, म्हणजे त्या पदाला दाद मागण्यास कोणतेंच न्यायासन नव्हतें.

क्रीटच्या बेटासाठीं व्हेनिसशीं १६४५ पासून युद्ध चालू होतें. पैशाची नड, आणि राजवाड्यांत मात्र सेबलच्या कातड्यांचा सोस. १६४८ च्या ऑगस्टमध्यें जानिसारी आणि उलेमा म्हणजे धर्मशास्त्री एक झाले. ८ ऑगस्ट रोजीं ते राजवाड्यांत शिरले. तिसऱ्या चौकाच्या दरवाजापाशीं त्यांची आणि क्योसेमची जी गांठ पडली, तिचें वर्णन नाइमा ह्या दरबारी इतिहासकारानें सविस्तर केलें आहे. ती काळा बुरखा घेऊन आली. बरोबर पंखा वारणारा एक हबशी खोजा होता. तिनें त्यांना विचारलें कीं, इतके दिवस माझ्या मुलाच्या सर्व लहरी तुम्हींच चालूं दिल्या, तेव्हां कोणी कां बोललें नाहीं? सहा-सात वर्षांच्या पोराला गादीवर बसविणार तरी कसें? शास्त्र्यांनीं उत्तर दिलें कीं शहाणें मूल गादीवर असलें तर वजिराच्या हातून राज्य चालतें. वेडा प्रौढ असला तर तो कोणाचेंच ऐकत नाहीं. वादविवाद तासन्‌तास चालला. तिनें तो लांबविला, पण तिला मुळांतच तें मान्य नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. इब्राहीमचा धोका तिनें जितका ओळखला होता तितका कोणीच नाहीं. शेवटीं ती आंत गेली, नातवाला पोषाख चढविला, आणि स्वतः त्याला बाहेर घेऊन आली.

इब्राहीमला दोन खोल्यांत कोंडलें. दहा दिवसांनीं, १८ ऑगस्ट रोजीं, शेख-उल्-इस्लामाच्या फतव्यानें त्याला गळा आवळून मारलें. अहमदापासून तिला झालेल्या मुलांपैकीं हा शेवटचा मुलगा.

येथून पुढचीं तीन वर्षें म्हणजे एका किताबाचें भांडण आहे. सुलतान आतां सहा वर्षांचा चौथा महंमद. त्याची आई तुर्हान. तेव्हां वालिदे सुलतान तुर्हान. रीतीप्रमाणें क्योसेमनें दुसऱ्यांदां जुन्या वाड्याची वाट धरावयास हवी होती. पण तुर्हानला जेमतेम विशी उलटली होती, तिला कारभाराची माहिती नव्हती, आणि जानिसारींच्या सरदारांना जुनी ओळखीची बाईच बरी वाटत होती. म्हणून क्योसेम तोपकापींतच राहिली, आणि तिच्यासाठीं नवाच किताब निघाला : ‘ब्युयुक वालिदे’, थोरली राजमाता. सुलतानाच्या आजीनें राज्य चालवावें ह्याला पूर्वींचा दाखला नव्हता. दोन वालिदे एका छपराखालीं राहाव्यात ह्यालाहि नव्हता. सासुसुनांचें भांडण म्हणून ह्या प्रकरणाकडे पाहण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ कादंबरीकारांना तो आवरलेला नाहीं. वस्तुतः हा पेंच पदाचा होता. ज्या पदाचा सारा अर्थ ‘एकुलती’ ह्या शब्दांत सांठविला आहे, त्या पदावर दोन माणसें बसविलीं होतीं. थोरल्या वालिदेच्या पाठीशीं जानिसारींचे सरदार होते, तर धाकटीच्या बाजूला राजवाड्यांतील खोजे आणि त्यांचा मुख्य सुलेमान आगा.

शहरांतील लोकांच्या मनांत क्योसेमविषयीं दोन भावना एकदम नांदत होत्या. तिच्या दानधर्माची कीर्ति मोठी होती. रजब महिन्यांत ती गुप्तपणें तुरुंगांत जाई आणि कर्जापायीं अडकलेल्यांचें देणें फेडून त्यांना सोडवी. गरीब पोरक्या मुलींचीं लग्नें ती लावून देई. आपल्या दासींना दोन-तीन वर्षांच्या चाकरीनंतर मोकळें करून, हुंडा देऊन, त्यांचे संसार थाटून देई. आणि स्वतः दासी म्हणून आलेल्या बाईचें हें करणें नुसत्या धर्मशास्त्राच्या आज्ञेनें झालें नसावें. उस्कुदार येथें तिनें बांधविलेली चिनिली मशीद १६४० सालची आहे. मोठ्या बाजाराजवळ तिनें एक प्रचंड सराई बांधविली. व्यापारी उतरण्याची ही जागा तिच्या थोरल्या किताबावरून ‘ब्युयुक वालिदे हान’ म्हणून अजून ओळखली जाते. पण तिच्या आश्रयाखालचे जानिसारी सरदार लोभी होते. सरकारनें १६५१ च्या ऑगस्टमध्यें हिणकस नाणें बाजारांत ढकललें आणि त्याच्या मोबदल्यांत व्यापाऱ्यांकडून सक्तीनें सोनें मागितलें. दुकानें बंद पडलीं, आणि कारागिरांचे जथेच्या जथे राजवाड्यावर चालून गेले. मुख्य वजिराला पदावरून काढावें लागलें. त्या गर्दींतल्या लोकांचा राग सरदारांवर होता, आणि सरदार कोणाचे हें सर्वांना ठाऊक होतें.

त्यानंतर अवघ्या बारा-तेरा दिवसांत शेवट झाला. महंमदाला दूर करून त्याचा सावत्र भाऊ सुलेमान याला गादीवर बसवावें, असा क्योसेमचा बेत होता असें म्हणतात. तोहि तिचाच नातू. पण त्याची आई साधीभोळी होती, म्हणजे मग वालिदे नांवाची, आणि थोरली वालिदे कामाची, अशी जुनी व्यवस्था चालू राहिली असती. २ सप्टेंबरच्या रात्रीं राजवाड्याचा एक दरवाजा उघडा ठेवावयाचा आणि जानिसारींना आंत घ्यावयाचें, असें ठरलें होतें. मेलेकी नांवाच्या दासीनें हें तुर्हानला कळविलें. ती मेलेकी क्योसेमच्याच पदरची होती.

सुलेमान आगाचे लोक थोरल्या वालिदेच्या दालनाकडे आले, तेव्हां अंधारांत पावलें ऐकून तिनें विचारलें कीं, आले का? हो, आले, असें उत्तर आलें. जे यावयाचे ते हे नव्हेत, हें तिच्या लगेच ध्यानांत आलें. ज्या दालनांत हुकूम चालविले त्याच दालनांतून ती आडवाटेनें पळाली आणि एका कपाटांत लपली. पोषाखाचा कांठ बाहेर राहिला. त्यावरून ती सांपडली. तिनें सोन्याचीं नाणीं उधळून पाहिलीं, असेंहि सांगतात. पडद्याच्या दोरीनें तिचा गळा आवळला गेला. तिच्या अंगावरचे दागिने मारेकऱ्यांनीं वांटून घेतले, आणि प्रेत प्रथम गेलें तें जुन्या वाड्याकडे. ज्या वाड्यांत जाण्याचें तिनें तीन वर्षें टाळलें होतें, तेथूनच ती अहमदाच्या मकबऱ्यांत पोंचली.

मृत्यूनंतर लोकांनीं तिला दोन किताब दिले : ‘वालिदे-इ-मक्तूले’, आणि ‘वालिदे-इ-शहीदे’, म्हणजे हुतात्मा राजमाता. इतर सर्व किताबांना तैनात होती. ह्या दोहोंना नव्हती. ते कोणा सुलतानाच्या हुकुमानें मिळालेले नव्हते, म्हणून कोणा सुलतानाला ते काढूनहि घेतां आले नाहींत.

तुर्हान ह्या अनुभवानें शहाणी झाली असें दिसतें. १६५६ सालीं तिनें क्योप्रुलू महंमद ह्या वृद्ध वजिराला पूर्ण अधिकार दिले, कारभारांतून अंग काढून घेतलें, आणि अर्धवट पडून राहिलेली समुद्रकांठची नवी मशीद पुरी करण्यांत मन घातलें. ती १६८३ सालीं वारली. हसेकी ही पदवी पुढच्या पिढींत मागें पडली आणि सुलतानाच्या स्त्रियांना ‘कादिन’, म्हणजे नुसतें बाईसाहेब, म्हणण्याची रीति आली. चौथा महंमद १६८७ सालीं पदच्युत झाला. त्याच्या जागीं जो माणूस पिंजऱ्यांतून बाहेर काढला तो सुलेमान होता. आजीनें त्याच्यासाठीं दरवाजा उघडा ठेवण्याचा बेत केला, त्या रात्रीला तेव्हां छत्तीस वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि तीं सगळीं त्यानें त्या बंद दालनांत काढलीं होतीं. बोलावूं आलेल्या मंडळींना पाहून त्याची समजूतहि इब्राहीमसारखीच झाली : हे आपल्याला मारावयास आले आहेत.